रक्त कमी म्हणून गोळी सुरू करण्याआधी

पोर फिक्कं दिसलं, बाईला पाण्याचा गुंड आणताना धाप लागली, की आपल्याकडे एकच म्हणतात: अंगात रक्त नाही. मग कोणी बीट खायला सांगतं, कोणी मेडिकलमधून ताकदीची बाटली आणतं. गोंदिया जिल्ह्यात राहत असाल तर एवढ्यावर थांबू नका. रक्त कमी होण्याची कारणं वेगवेगळी असतात. त्यातलं एक आपल्या भागात घराण्यातून चालत येतं. ते म्हणजे सिकलसेल.

आधी थोडं समजून घ्या. आपल्या हाडांच्या आतला मगज रात्रंदिवस लाल पेशी तयार करतो. निरोगी मोठ्या माणसात दर सेकंदाला सुमारे 20 लाख. एक पेशी साधारण 120 दिवस टिकते. म्हातारी झालेली पेशी पानथरीत आणि यकृतात मोडली जाते, आणि तिच्यातलं लोह नव्या पेशीच्या कामी येतं.

लोह कमी पडलं तर नवी पेशी नीट बनत नाही. पाळीत जास्त रक्त जाणं, पाठोपाठची बाळंतपणं, पोटातले जंत, ही त्याची नेहमीची कारणं. हा पांडुरोग गोळ्यांनी आणि पोटभर जेवणाने बरा होतो. आशाताईंनी दिलेली गोळी चहासोबत घेऊ नका. जेवणानंतर लिंबू-पाण्यासोबत घ्या, अंगी लागते.

सिकलसेलचं तसं नाही. इथे मगज पेशी भरपूर बनवतो, पण तिच्या आतलं हिमोग्लोबिनच सदोष असतं. प्राणवायू कमी पडला की पेशी विळ्यासारखी वाकडी आणि ताठ होते. अशी पेशी 10 ते 20 दिवसांतच फुटते. मगज कितीही राबला तरी तूट भरत नाही. वर या वाकड्या पेशी बारीक नसांत अडकतात. पुढे रक्त जात नाही आणि हातपाय, कंबर, छाती असह्य दुखते. घरचे म्हणतात वात आहे. कोणी म्हणतं बाहेरचं लागलं. यातच पोराची वर्षं जातात.

म्हणून आधी तपासणी करा. सालेकसा असो, देवरी असो की अर्जुनी मोरगाव, जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा. बोटातून रक्ताचा थेंब घेतात आणि औषध घातलेल्या नळीत टाकतात. नळीमागे ठेवलेल्या कागदावरच्या काळ्या रेघा स्पष्ट दिसल्या तर बहुधा काळजी नाही. पाणी गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या तर पुढची तपासणी लागते. ती टाळू नका. तुम्ही नुसते वाहक आहात की रुग्ण, हे तिच्यातच कळतं. तान्ह्या बाळाला ही नळीची तपासणी चालत नाही, त्याची वेगळी असते.

वाहक म्हणजे आजारी माणूस नव्हे. तो शेतात राबतो, पोरं वाढवतो, त्याला सहसा काही त्रास होत नाही. पण वाहकाचं वाहकाशी लग्न झालं तर प्रत्येक गरोदरपणात मूल रुग्ण होण्याची शक्यता 25 टक्के असते. ‘पहिलं तसं झालं, आता पुढची तीन चांगली’ असा हिशेब कोणी सांगितला तर ऐकू नका. दर वेळी शक्यता तेवढीच. सोयरीक जुळवताना कुंडलीआधी तपासणीचा कागद बघा, असं मी ठासून सांगते. लग्न आधीच झालं असेल तर दिवस राहिल्याबरोबर डॉक्टरांना सांगा. पोटातल्या बाळाची तपासणी करता येते. आणि सुनेला बोल लावू नका. मूल रुग्ण निघतं तेव्हा दोष आईकडूनही आलेला असतो आणि बापाकडूनही. हा आजार आदिवासी घरांत जास्त दिसतो, पण बौद्ध, कुणबी, तेली घरांतही सापडतो. यात जातीची लाज कसली?

घरात रुग्ण असेल तर पाणी सांभाळा. मे महिन्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या पोराचं अंग सुकतं आणि रात्री दुखणं उठतं. बाटली भरून द्या, तहान लागायची वाट बघू नका. रोवणीच्या दिवसांत त्याला तासन्‌तास बांधीच्या गार पाण्यात उभं करू नका. भिजला तर लगेच कोरडे कपडे द्या. मच्छरदाणी रोज लावा, मलेरिया अशा पोराला फार महाग पडतो.

ताप आला तर घरी थांबू नका, त्याच दिवशी दवाखाना. छातीत दुखलं, श्वास लागला, हातपाय लुळे पडले तरी तसंच. लहान मुलाच्या डाव्या बरगडीखाली हात लावून पानथरी कशी बघायची, हे नर्सताईंकडून शिकून घ्या. ती अचानक वाढली आणि पोर पांढरं पडलं तर रात्र असली तरी निघा.

फॉलिक ॲसिडची गोळी रोजची. हायड्रॉक्सियुरिया डॉक्टरांनी दिली असेल तर बरं वाटलं म्हणून सोडू नका, मधूनमधून रक्त तपासत राहा. मूल हवं असेल तर ही गोळी चालू असल्याचं आधीच सांगा. रुग्णाला लोहाची गोळी मात्र मनाने देऊ नका. पेशी फुटून निघालेलं लोह त्याच्या अंगातच राहतं, रक्त चढवल्यावर आणखी वाढतं. बाकीच्यांनी आपली गोळी बंद करायची नाही, वाहक गरोदर बाईनेही नाही.

2016 च्या दिव्यांग कायद्यात सिकलसेल आहे. रुग्णाच्या प्रमाणपत्रासाठी जिल्हा रुग्णालयात चौकशी करा. आणि घरात एकाला सिकलसेल निघाला असेल तर बाकीच्या भावंडांना याच आठवड्यात तपासायला न्या.