थांबावे की पुढे जावे?



गेल्या रविवारी मिस्सानंतर एक बाई भेटावयास आल्या. त्या एका इंग्रजी शाळेत चौथीच्या वर्गास शिकवितात. वर्गात मुले चाळीस. त्यांपैकी दहाजणांच्या घरी इंग्रजीचा शब्दही कानी पडत नाही. बाई म्हणाल्या, “फादर, ह्या दहांसाठी थांबले तर बाकीचे तीस खोळंबतात; त्यांना घेऊन पुढे गेले तर हे दहा मागे राहतात. मी करावे तरी काय?”

मला माझे दिवस आठवले. मराठी शाळेतून मी सेमिनरीत गेलो, तेव्हा पहिले वर्षभर वर्गात जवळजवळ मुकाच होतो. उत्तर ठाऊक असे, परंतु ते इंग्रजीत मांडता येत नसे; आणि माझ्या मौनालाच लोक अज्ञान समजत. एक प्राध्यापक मात्र तास सुरू करण्यापूर्वी त्या दिवसाचे पाचसहा कठीण शब्द फळ्यावर लिहून समजावून देत. तेवढ्या आधारावर माझा तास निभावून जाई.

बाईंचा पेच नवा नाही. अमेरिकेत सान फ्रान्सिस्को शहरातील शाळांत इंग्रजी न येणारी चिनी वंशाची २,८५६ मुले होती. त्यांपैकी सुमारे १,००० मुलांना इंग्रजीचे जादा शिक्षण मिळे. सुमारे १,८०० मुलांना काहीच मिळत नसे. त्यांच्या वतीने दावा झाला. १९७४ साली ‘लाउ विरुद्ध निकोल्स’ ह्या खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. सर्वांना तीच पुस्तके, तेच शिक्षक व तोच अभ्यासक्रम दिला म्हणजे समानता झाली असे नव्हे. ज्याला भाषाच कळत नाही, त्याला खऱ्या शिक्षणाचे दार बंदच राहते, असा त्याचा आशय होता. उपाय कोणता योजावा, हे मात्र न्यायालयाने ठरवून दिले नाही.

मग ह्या दहांना निराळ्या खोलीत बसवावे काय? थोडा वेळ जरूर बसवावे. परंतु वर्गात नवा धडा चालू असताना नव्हे. तसे केल्यास भाषेपायी त्यांचे गणित बुडेल, विज्ञान बुडेल आणि सोबत्यांशी बोलण्याची संधीही जाईल. इतर मुले आपापले लेखन करीत असतील, ती पंधरा मिनिटे ह्यांची.

धडा मात्र सर्वांचा एकच असावा. समजा, पाऊस कसा पडतो हे शिकवावयाचे आहे. प्रथम फळ्यावर समुद्र, सूर्य, वाफ व ढग यांचे चित्र काढावे. मोजके इंग्रजी शब्द चित्राशेजारी लिहावेत. मग दोघादोघांनी आपसांत, हवे तर मराठीत वा कोंकणीत, ते बोलून घ्यावे. नंतर इंग्रजीत लिहावे. ज्याला जमत नाही त्याला वाक्याचा आरंभ लिहून द्यावा. ह्यात उरलेल्या तिसांचे नुकसान काय? चित्राने त्यांनाही अधिकच उमजेल. भिंत उभी राहिली की परांची काढून घेतात, तसा हा आधारही हळूहळू कमी करावा.

आईबापांनीही धीर धरावा. बोलण्याचे इंग्रजी आणि पुस्तकातले इंग्रजी ह्यांतील भेद कॅनडातील शिक्षणतज्ज्ञ जिम कमिन्स यांनी १९७९ साली स्पष्ट केला. तेथे बाहेरून आलेल्या मुलांना पहिले साधारण दोन वर्षांत येई. दुसऱ्यात बरोबरी साधण्यास पाच ते सात वर्षे लागत. तेथे तर रस्त्यावरही इंग्रजीच कानी पडे. आपल्या मुलांना ते बहुधा शाळेतच ऐकावयास मिळते. तेव्हा पहिल्या सहामाहीचे गुण पाहून “आमचा पोरगा मठ्ठ आहे” असे म्हणणे अन्यायाचे आहे. घरी मोडक्या इंग्रजीचा हट्टही धरू नये. रात्री जेवताना “आज काय शिकलास?” असे आपल्या भाषेत विचारावे व त्याला पोटभर बोलू द्यावे. जे आपल्या भाषेत नीट उमगले, त्याला इंग्रजी शब्द पुढे सापडतो.

बाईंना मी इतकेच सांगितले, “थांबूही नका, सोडूनही जाऊ नका. उद्याच्या धड्यातले पाच शब्द आज रात्री निवडून ठेवा.” त्यांनी पिशवीतून पुस्तक काढले आणि आम्ही तेथेच ओसरीवर बसून ते शब्द निवडले.