विश्लेषण : ‘स्माइल लाइन्स’ घालवण्याचा खरा खर्च किती? जाहिरातीतला आकडा वाढवणपर्यंत येताना का फुगतो?

वाढवणचे नाव बातम्यांत येते ते ७६,२२० कोटी रुपयांच्या बंदरामुळे. मोबाइलवरच्या जाहिरातींना मात्र गाव-शहर कळत नाही. वांद्र्यात दिसणारी ‘दहा मिनिटांत स्माइल लाइन्स गायब’ छापाची रील डहाणू-तलासरीतही दिसते. तिच्यातला आकडा बहुतेक वेळा एका सिरिंजचा असतो. प्रत्यक्षात बिल कुठवर जाते आणि क्लिनिक दूर असेल तर नेमके काय बदलते?

या रेषा का पडतात?

नाकाच्या कडेपासून ओठांच्या कोपऱ्यापर्यंत उतरणाऱ्या या घड्यांना वैद्यकीय भाषेत ‘नेझोलेबियल फोल्ड’ म्हणतात. हा आजार नाही. हसताना त्या सगळ्यांनाच पडतात. वयानुसार गालातली चरबी खाली सरकते, त्वचेतले कोलेजन घटते आणि मग त्या न हसताही दिसतात. धूम्रपान आणि ऊन ही प्रक्रिया लवकर घडवतात. किनाऱ्यावर बोंबील वाळत घालणाऱ्या किंवा होडीवर जाणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर त्या लवकर उमटतात, त्यामागे हेच कारण आहे.

बिल कसे वाढते?

सर्वाधिक वापरला जाणारा उपाय म्हणजे हायल्युरोनिक ॲसिडचे फिलर. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ‘रेस्टिलेन’ या फिलरला २००३ मध्ये मान्यता दिली, ती याच रेषांसाठी. बोटॉक्स स्नायू सैल करते. त्यामुळे ते कपाळावरच्या आठ्यांसाठी योग्य. इथे त्याचा उपयोग मर्यादित.

मुंबईसारख्या शहरात एक मिलिलीटर फिलरला साधारण १५ ते ४० हजार रुपये पडतात. ब्रँड आणि डॉक्टर बदलला की दर बदलतो. दोन्ही बाजू भरायला अनेकांना दोन सिरिंज लागतात. २० हजारांचा दर धरला तरी ४० हजार झाले. आरोग्यसेवेला जीएसटी माफ आहे, पण केवळ सौंदर्यासाठीचे उपचार त्या सवलतीत बसत नाहीत. त्यामुळे बिल ४० हजारांच्याही वर जाते.

रोजगार हमीची महाराष्ट्रातली मजुरी २०२५-२६ साठी दिवसाला ३१२ रुपये होती. म्हणजे कर सोडूनही हे बिल सुमारे १२८ दिवसांच्या मजुरीएवढे, आणि केंद्राच्या त्या कायद्यातली हमी होती वर्षाला १०० दिवसांची.

शिवाय हा खर्च एकदाच होत नाही. फिलर सहा ते अठरा महिन्यांत शरीरात विरघळते. परिणाम टिकवायचा तर पुन्हा जावे लागते, फार तर पुढच्या खेपेला थोडे कमी फिलर पुरते. आरोग्य विमा कामाला येत नाही, कारण पॉलिसींमध्ये सौंदर्यासाठीची शस्त्रक्रिया आणि उपचार वगळलेले असतात. ‘नो कॉस्ट ईएमआय’चा हप्ता संपेपर्यंत फिलरही संपत आलेले असते, हे रीलमध्ये कोणी सांगत नाही.

अंतराचा मुद्दा का महत्त्वाचा?

वाढवणहून आधी वाणगाव किंवा डहाणू रोड स्टेशन गाठायचे. डहाणूहून बोरिवली लोकलने दोन तासांच्या आसपास. भाडे किरकोळ आहे, प्रश्न वेळेचा आहे. या घडीजवळून चेहऱ्याची मुख्य रोहिणी जाते. फिलर चुकून तिच्यात गेले तर रक्तपुरवठा अडतो. त्वचा पांढुरकी किंवा जाळीदार जांभळी पडते, दुखू लागते आणि उपचार न झाल्यास तिथली त्वचा मरते. क्वचित दृष्टीही जाते. अशा वेळी हातात मिनिटेच असतात. त्वचेसाठी उपाय आहे : हायल्युरोनिडेज हे फिलर विरघळवणारे इंजेक्शन. पण तेही काही तासांत मिळायला हवे. लक्षणे कधी कधी घरी पोहोचल्यावर वाढतात, आणि तोवर रात्रीच्या लोकलची वेळ टळलेली असू शकते.

म्हणून गावाजवळच्या पार्लरमधली स्वस्त ऑफर सर्वांत महाग ठरू शकते. नस बंद झाली तर ओळखणार कोण आणि इंजेक्शन देणार कोण, याचे उत्तर तिथे नसते. फिलर टोचणे हे ब्युटिशियनचे काम नाही. डॉक्टरकडेही पैसे भरण्याआधी हायल्युरोनिडेज क्लिनिकमध्ये आहे का आणि रात्री फोन कोण उचलेल, हे विचारावे. फिलरचे सीलबंद खोके समोर उघडायला सांगून बॅच क्रमांकाचे स्टिकर आपल्याकडे ठेवावे. टोचल्यावर लगेच स्टेशन गाठू नये.

कमी खर्चात काय होते?

रोजचे सनस्क्रीन आणि डॉक्टरांनी लिहून दिलेले ट्रेटिनॉइनचे मलम. मलमाची ट्यूब काही शे रुपयांत येते. खोल घडी त्याने भरत नाही, पण बारीक रेषा काही महिन्यांत सौम्य होतात. गरोदरपणात मात्र हे मलम वापरू नये. मासळीच्या कामाला रुंद काठाची टोपी सनस्क्रीनपेक्षा सोयीची; घामाने ती धुऊन जात नाही.

डॉक्टरांची नोंदणी कुठे तपासायची?

महाराष्ट्रात प्रॅक्टिस करणाऱ्यांची नावे महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेच्या संकेतस्थळावर शोधता येतात. तलासरीकरांना मुंबईपेक्षा महामार्गाने वापी जवळ. पण वापी गुजरातमध्ये आहे, त्यामुळे तिथल्या डॉक्टरांचे नाव गुजरात मेडिकल कौन्सिलच्या यादीत पाहावे लागते.