सर्पदंशावर गोळी येईल तेव्हा येईल, जव्हार-मोखाड्याला आज काय हवं?

पावसाळा लागला, भाताची आवणी सुरू झाली की सर्पदंशाचा धोका वाढतो. कुणाला बांधावर चावा बसतो, कुणाला जमिनीवर झोपेत. पाड्यावरून डोली, रस्त्यावरून गाडी, मग दवाखाना. यातच तास निघून जातात. म्हणून 'व्हारेस्प्लाडिब' या प्रायोगिक औषधाची चर्चा शहरापेक्षा जव्हार-मोखाड्याच्या जास्त कामाची आहे.

हे औषध आधी हृदयरोग्यांवर तपासलं गेलं. तिथे ते अपयशी ठरलं आणि 2012 मध्ये ती चाचणी थांबली. पुढे कळलं, की सापाच्या विषातल्या 'फॉस्फोलायपेज ए-2' या घटकाला ते अडवतं. स्नायू आणि नसांची नासधूस करणारा, रक्त गोठणं बिघडवणारा हा घटक आहे.

आजचं प्रतिविष घोड्याच्या रक्तापासून बनतं आणि शिरेतून द्यावं लागतं. कधी त्याची जोरदार रिअ‍ॅक्शन येते, म्हणून डॉक्टर समोर लागतो. गोळी मात्र पाड्यावरच देता येईल आणि दवाखाना गाठेपर्यंत वेळ मिळेल, अशी ही कल्पना.

पण निकाल काय सांगतो? 2021-22 मध्ये भारत आणि अमेरिकेत 95 रुग्णांवर चाचणी झाली. नेहमीचे उपचार सगळ्यांना होतेच. काहींना शिवाय हे औषध दिलं, काहींना औषध नसलेली गोळी. एकूण हिशेबात ठोस फरक दिसला नाही. दंशानंतर 5 तासांच्या आत औषध मिळालेल्यांमध्ये सुधारणा जास्त दिसली, पण एवढ्या थोड्या रुग्णांवरून खात्री देता येत नाही. शिवाय नाग, मण्यार, घोणस, फुरसं यांची विषं वेगवेगळी. एकच गोळी सगळ्यांवर सारखी चालेल, असं नाही. थोडक्यात, हे औषध अजून बाजारात नाही आणि प्रतिविषाची जागाही घेत नाही.

तरी यातली एक गोष्ट आजच उचलण्यासारखी आहे, ती म्हणजे वेळ. प्रतिविषही लवकर मिळालं तरच नीट काम करतं. मण्यारच्या विषाने नस एकदा बिघडली, की नंतर दिलेल्या प्रतिविषाने ती लगेच सुधारत नाही. देशात 2000 ते 2019 या काळात वर्षाला सरासरी 58 हजार माणसं सर्पदंशाने गेल्याचा अंदाज आहे. 2030 पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणायचे, असा केंद्राचा 2024 चा आराखडा म्हणतो.

मग आपल्या तालुक्यांत प्रश्न साधे आहेत. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात आवणीआधी प्रतिविषाचा साठा आहे का? ते रात्री देणारा, रिअ‍ॅक्शन सांभाळणारा डॉक्टर मुक्कामी आहे का? पहिला डोस न देताच रुग्णाला नाशिकला पाठवलं जातंय का? ग्रामसभेत हे विचारा. भगताकडे जाणाऱ्यांना दोष देणं सोपं आहे. पण जवळच्या केंद्रात औषध आणि डॉक्टर नक्की मिळतो हा भरवसा बसला, तर लोक आधी तिकडेच जातील.

आणि उद्या गोळी सिद्ध झालीच, तर ती पहिल्यांदा उपकेंद्रात आणि आशाताईच्या पेटीत पोचली पाहिजे. तोवर चावा बसला की कापू नका, आवळून बांधू नका. हातपाय हलवू न देता 108 ला फोन लावा आणि थेट दवाखाना गाठा.