रिफ्लेक्टर नवा, हूक गंजलेला : हंगामाआधी ट्रॉलीखाली वाकून बघा

दौलताबाद : सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीनं मराठवाड्यात उभी पिकं गेली, जमिनी खरडल्या. ७ ऑक्टोबर २०२५ ला राज्य सरकारनं ३१ हजार ६२८ कोटींचं पॅकेज जाहीर केलं. त्यानंतर गावोगाव पंचनामा, यादी, बँक खातं हीच चर्चा होती. या गडबडीत एका वस्तूकडं कोणी बघितलं नाही. ती म्हणजे पावसाळाभर उघड्यावर भिजत, चाकं चिखलात रुतवून उभी असलेली ट्रॉली. २०२५ चा गाळप हंगाम १ नोव्हेंबरपासून ठरला. पैठण, गंगापूर, वैजापूरकडं उसाच्या ट्रॉल्या रस्त्यावर येतील. आपल्या दौलताबाद-खुलताबाद भागात ऊस कमी, पण मका, आलं, कांदा, शेणखत सगळं ट्रॉलीतच जातं. पावसाळाभर उभी असलेली ट्रॉली एकदम भरून रस्त्यावर काढायचे हेच दिवस आहेत.

गंज म्हटलं की लोक म्हणतात, "लोखंड हाय, गंजणारच. काय होतंय?" फाळक्याला भोक पडलं तर खरंच फार काही होत नाही, चार कणसं सांडतील. पण हुकाचं वेल्डिंग सुटलं, एक्सल तुटला किंवा चाक निघालं, तर मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याचा जीव जातो. ट्रॉलीत माणसंही बसतात. ४ एप्रिल २०२५ ला नांदेड जिल्ह्यातल्या आलेगाव शिवारात ट्रॅक्टर-ट्रॉली विहिरीत पडून शेतात कामाला निघालेल्या सात महिला गेल्या. त्या अपघाताचा गंजाशी संबंध नाही. पण आपल्या बायाबापड्या रोज कशात बसून कामाला जातात, हे त्यातून दिसलं. ट्रॉली माल वाहायची असं कागदावर असतं, सकाळी मात्र तिच्यात माणसंच असतात.

गंज दिसतो तिथं धोका कमी

आपल्या किल्ल्यावरची मेंढा तोप पंचधातूची, म्हणून शेकडो पावसाळे खाऊनही लोखंडासारखी गंजली नाही. ट्रॉली साध्या लोखंडाची. तिला पाणी आणि हवा मिळाली की गंज चढणार, आणि मीठ किंवा खत मिळालं की दुप्पट जोरानं चढणार. पोटॅश, डीएपी, अमोनियम सल्फेटची पोती वाहताना सांडलेलं खत हवेतला ओलावा ओढून घेतं आणि पत्र्याला चिकटून बसतं. शेणखत आणि उसाचा चिकट रसही तेच करतात.

फाळक्यावरचा तांबूस थर सगळ्यांना दिसतो. खरा धोका असतो जिथं पाणी आत जातं आणि बाहेर येत नाही तिथं. चौकोनी पाइपच्या पोटात, दोन चॅनेल एकमेकांवर वेल्ड केलेत त्या फटीत, पाट्यांच्या थरांमध्ये, यू-बोल्टच्या खाली. गंज लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, म्हणून तो आतून फुगून जोड फाकवतो. वरून रंग चकचकीत आणि आत पापुद्रे, अशी गत होते.

साधा हिशेब बघा. ५ मिलिमीटरची सपाट पट्टी दोन्ही बाजूंनी १-१ मिलिमीटर खाल्ली गेली, तर ३ मिलिमीटर उरते. आपल्याला वाटतं निम्म्याहून जास्त आहे की. पण अशा पट्टीची वाकण्याला टिकायची ताकद जाडीच्या वर्गानं घटते. ती मूळच्या ३६ टक्क्यांवर येते, म्हणजे तिसऱ्या हिश्श्याच्या जरा वर. भार मात्र तेवढाच राहतो, उलट उसाच्या दिवसांत वाढतो.

होडीच्या ट्रेलरकडून शिकण्यासारखं

परदेशात लोक छोट्या होड्या ट्रेलरवर घालून नेतात आणि ट्रेलर मागं घेत पाण्यात उतरवतात. त्यांचा अनुभव आपल्या कामाचा आहे. प्रवासानं हब तापलेला असतो. तो एकदम गार पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि ऑइल सीलच्या कडेनं पाणी आत ओढलं जातं. मग बेअरिंग आतून गंजतं. म्हणून ते लोक हब गार झाल्याशिवाय ट्रेलर पाण्यात घालत नाहीत, आणि असे ट्रेलर बहुतेक जस्ताचा मुलामा दिलेले असतात. जस्त आधी झिजतं, लोखंड वाचतं.

आपली ट्रॉली ओढ्यातून, नदीच्या पाण्यातून जाते किंवा लांबून आल्या आल्या पाइपनं धुतली जाते, तेव्हा हेच घडतं. धुवा, जरूर धुवा, खत वाहिल्यावर तर धुवाच. पण आधी अर्धा-पाऊण तास चाकं गार होऊ द्या.

एका तासाची तपासणी

ट्रॉली रिकामी, सपाट जागेवर, चाकांना दगड लावून. जॅकवर उचललेल्या ट्रॉलीखाली भक्कम टेकू दिल्याशिवाय डोकं घालू नका.

पहिलं, हूक आणि दांडा. तारेच्या ब्रशनं घासून लोखंड उघडं करा. वेल्डिंगच्या कडेनं तांबडी रेघ ओघळलेली दिसली तर तिथं चीर असण्याचा संशय धरा. खात्री करायला तिथं डिझेल लावा, दहा मिनिटांनी कोरड्या फडक्यानं स्वच्छ पुसा आणि खडूची भुकटी चोळा. चीर असेल तर आत मुरलेलं डिझेल खडूवर ओली रेघ उमटवतं. हुकाचं भोक लांबट झालंय का, पिन झिजलीय का, हेही बघा. दोन ट्रॉल्या जोडत असाल तर पुढच्या ट्रॉलीचा मागचा हूक विसरू नका. मागचं सगळं ओझं त्याच्यावर असतं आणि नेमकं तिथंच कोणी बघत नाही.

दुसरं, चेसिस. हातोडीनं जागोजागी हलकं ठोकत जा. चांगलं लोखंड ठणठणतं, खाल्लेलं भद्द वाजतं. जिथं भद्द वाजेल तिथं टोकदार पेचकस दाबा. आत गेला तर तो तुकडा संपला.

तिसरं, एक्सल, पाटे, यू-बोल्ट, चाकाचे नट. नटाभोवती गंजाची ताजी भुकटी दिसली तर नट हलतोय असं समजा. चाक उचलून फिरवा. घरघर आली किंवा चाक डुललं तर हब उघडा. ग्रीस दुधाळ झालं असेल तर पाणी शिरलंय. सगळं ग्रीस काढा, बेअरिंगवर डाग किंवा खड्डे असतील तर बेअरिंग आणि सील दोन्ही बदला. वरून नवीन ग्रीस भरलं तर आतला गंज तसाच राहतो.

दुरुस्ती करताना गंजलेल्या जागेवर नुसती पट्टी ठोकून वेल्डिंग मारू नका. टाका धरत नाही. खाल्लेला भाग कापून चांगल्या लोखंडापर्यंत जा. मग घासून, पूर्ण वाळवून रेड ऑक्साइड आणि त्यावर रंगाचे दोन हात. फरशीच्या पत्र्यात पाणी साचत असेल तिथं छोटी भोकं पाडा. आपल्याकडं जळकं ऑइल फासायची पद्धत आहे. त्यानं काही दिवस गंज थांबतो, पण चीर झाकली जाते, टायर खराब होतो आणि पुढं रंग धरत नाही.

खर्चाचं गणित आणि जबाबदारी

२२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला, ट्रॅक्टरचे टायर-ट्यूब १८ वरून ५ वर आले. चांगली गोष्ट आहे. पण पत्रा, चॅनेल, वेल्डिंगच्या काड्या, रंग यांवर १८ टक्केच आहे. नवीन घेणाऱ्याला सूट मिळाली, जुनं सांभाळून वापरणाऱ्याला मिळाली नाही. ज्याचं पीक पावसात गेलं तो यंदा नवीन घेणार नाही, जुनंच चालवणार.

ऊस वाहतूकदाराची अडचण वेगळी. उचल घेतलेली, मजुरांना दिलेली, हंगाम सुरू झाला की एक दिवस गाडी उभी राहिली तर खेप बुडते. म्हणून दुरुस्ती "हंगाम झाल्यावर" या खात्यात जाते. हंगाम झाल्यावर पैसे संपलेले असतात, आणि ट्रॉली पुन्हा पावसात उभी राहते.

दरवर्षी हंगामात पोलीस, आरटीओ आणि कारखाने ट्रॉल्यांना रिफ्लेक्टर लावायची मोहीम घेतात. रात्रीचे अपघात टाळायला ती हवीच. पण रिफ्लेक्टर लावणारा माणूस ट्रॉलीजवळ आलेलाच असतो. त्याच्या सोबत एक फिटर, एक हातोडी आणि तारेचा ब्रश दिला तर हूक आणि एक्सल पाच मिनिटांत बघून होतात. कारखान्यानं करार करतानाच ही तपासणी मागितली, आणि दुरुस्तीपुरती रक्कम उचलीतून वेगळी काढली, तर वाहतूकदारालाही नाही म्हणता येणार नाही. ग्रामपंचायतीनंही गावातल्या वेल्डरला बोलावून एक रविवार यासाठी ठेवावा. गावात ट्रॉल्या किती आहेत, हे तोंडी मोजता येतं.

तोवर आपल्या हातात आहे ते करू. दौलताबाद घाटात भरलेली ट्रॉली चढावर असते, मागं वेरूळला जाणाऱ्या गाड्यांची रांग असते. तिथं हूक सुटला तर ट्रॉली उताराला मागं येणार, आणि मागं कोण असेल हे सांगता येत नाही. ट्रॉली भरायच्या आधी पिन, हूक, साखळी आणि चाकाचे नट एवढं रोज बघा. विम्याच्या पॉलिसीत ट्रॉलीचा वेगळा उल्लेख आहे का, तेही याच आठवड्यात तपासून घ्या.