वजनाच्या नोंदीपलीकडचे बाळ

एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली, परंतु तीन वर्षांखालील मुलाशी अंगणवाडीचा संबंध आजही प्रामुख्याने वजन, लसीकरण आणि घरपोच आहार यांपुरताच राहतो, आणि त्याची बुद्धी कशी घडते हा प्रश्न ते बालवाडीच्या वयाचे होईपर्यंत बाजूला ठेवला जातो. हे शास्त्राला धरून नाही.

स्विस मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी स्वतःच्या तीन मुलांच्या बारकाईने ठेवलेल्या नोंदींवरून १९३६ साली असे मांडले की, जन्मापासून सुमारे दोन वर्षांपर्यंत मूल पाहणे, चाखणे, पकडणे, आपटणे या क्रियांमधूनच विचार करते; या टप्प्याला संवेदन-कारक अवस्था म्हणतात. वाटी पुन्हा पुन्हा आपटणारे बाळ कृती आणि परिणाम यांचा संबंध तपासत असते, आणि पदराखाली लपवलेली वाटी ते शोधू लागले की वस्तू दृष्टीआड झाली तरी नाहीशी होत नाही, ही वस्तूच्या स्थायित्वाची जाण त्याला आली असे समजावे. पियाजे यांनी ती आठव्या महिन्याच्या सुमारास धरली होती. रेने बायार्जों व सहकाऱ्यांनी १९८५ साली, बाळ कशाकडे किती वेळ टक लावते हे मोजून, तिची चिन्हे पाचव्या महिन्यातच दाखवून दिली.

धुळे जिल्ह्यात कापूस वेचणीच्या दिवसांत बाळ बांधावरच्या झोळीत तासन्‌तास राहते, शिरपूर-साक्रीकडची अनेक कुटुंबे ऊसतोडीसाठी गुजरातेत जातात, आणि बाळ बहुधा आजी किंवा थोरल्या बहिणीच्या हाती असते. अशा वेळी वस्तू हाताळून पाहण्याची संधी त्याला कमी मिळते, पण यात आईला दोष देणे अन्यायाचे होईल. सेविकेने गृहभेटीत सांभाळणाऱ्या व्यक्तीलाच करून दाखवावे, की बाळाला झोळीतून काढून गोधडीवर पालथे खेळू द्यावे, धुतलेली पळी किंवा वाटी हाती द्यावी, सरकी, चिंचोके, शेंगदाणे असे घशात अडकणारे जिन्नस दूर ठेवावेत, आणि त्याच्या हुंकाराला घरच्याच अहिराणीत, पावरीत वा भिलीत उत्तर द्यावे. विकतच्या खेळण्यांची येथे मुळीच गरज नाही.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला शाळेपर्यंत न येणाऱ्या मुलांच्या अंगणात शिक्षण नेले. केंद्र शासनाचा जन्म ते तीन वर्षे वयोगटासाठीचा ‘नवचेतना’ आराखडा (२०२४) तेच काम त्याहून लहान वयापर्यंत नेऊ पाहतो. पर्यवेक्षिकांनी येत्या मासिक बैठकीपासून वजनाच्या आकड्याशेजारी, बाळ हातातल्या वस्तूचे काय करते याची एक ओळ प्रत्येक सेविकेकडून मागावी.