हिवरे बाजारचे चतुर कोण मोजणार?

हिवरे बाजारला अभ्यास दौऱ्याच्या गाड्या अजूनही येतात. पाहुणे उतरतात, ग्रामपंचायतीसमोर फोटो होतात, करोडपती शेतकरी किती हे विचारलं जातं, पोपटराव भेटतील का हे विचारलं जातं, आणि "पाणी अडवा, पाणी जिरवा" वहीत उतरवून मंडळी परत फिरतात. जिल्ह्यात बातमीदारी करताना असे दौरे पुष्कळ पाहिले. सप्टेंबर-ऑक्टोबरात आलेल्या पाहुण्यांच्या डोक्यावर चतुरांच्या झुंडी घिरट्या घालत असतात. मान वर करून त्यांच्याकडे बघणारा पाहुणा मला अजून भेटायचाय.

चतुर म्हणजे पोरं ज्याला हेलिकॉप्टर म्हणतात तो. बसल्यावर पंख आडवे पसरून ठेवतो तो चतुर, आणि बारीक अंगाची, बसल्यावर बहुधा पंख मिटून घेते ती टाचणी किंवा सुई. दोघं एकाच कुळातले. जगात यांच्या सहा हजारांवर जाती आहेत, भारतात पाचशेच्या आसपास. इंग्रजांच्या काळात फ्रेझर नावाच्या लष्करी डॉक्टरनं १९३३ ते १९३६ या काळात यांच्यावर तीन जाडजूड खंड लिहिले. आपण अजून शेपटीला दोरा बांधण्याच्या पुढे गेलो नाही.

माझं म्हणणं थोडक्यात असं आहे. जलसंधारणाचं काम जमिनीवर झालंय की बिलापुरतं झालंय हे तपासायला चतुराइतका स्वस्त तपासनीस दुसरा नाही. आणि आपण त्यालाच मारत सुटलोय.

चतुराचं बरंचसं आयुष्य आपल्याला दिसत नाही, कारण ते पाण्याखाली जातं. मादी शेपटीचं टोक पाण्याला टेकवत टेकवत अंडी सोडते. त्यातून निघणारं पिल्लू दिसायला अगदी कुरूप, मातकट रंगाचं, गाळात दबा धरून बसणारं. त्याचा खालचा ओठ घडी घालून तोंडाखाली ठेवलेला असतो. भक्ष्य टप्प्यात आलं की तो ओठ हातासारखा पुढे फेकला जातो आणि डासाची अळी, बेडकाचं पिल्लू, कधी बारका मासासुद्धा त्यात अडकतो. श्वास घ्यायची सोय मागच्या बाजूला. आणि घाई असेल तेव्हा तिथूनच पाण्याची पिचकारी मारून ते पुढे सटकतं. पुन्हा पुन्हा कात टाकत मोठं होतं. शेवटी एका रात्री लव्हाळ्याच्या काडीवर चढून पाण्याबाहेर येतं, पाठ उकलते आणि आतून चतुर निघतो. फुलपाखरासारखा कोष मध्ये नसतोच. उजाडेपर्यंत पंख वाळतात, तो उडून जातो, आणि काडीला चिकटलेली रिकामी कात मागे राहते.

ही कात महत्त्वाची. उडणारा चतुर दिसला म्हणजे तो तिथलाच असं म्हणता येत नाही, तो पाहुणाही असू शकतो. कात मात्र खोटं बोलत नाही. ती सापडली याचा अर्थ त्या जागी पाणी टिकलं, त्यात विष नव्हतं आणि पिल्लाला पोटभर खायला मिळालं. पावसाळी डबक्यात वाढणाऱ्या भटक्या चतुराला साधारण दीड-दोन महिने पाणी लागतं. इतर कित्येक जातींना कितीतरी महिने लागतात, काहींना वर्षाहूनही जास्त. म्हणजे कोणत्या काडीवर कोणत्या चतुराची कात आहे, यावरून ओढ्यात पाणी किती दिवस राहिलं हे वाचता येतं. यासाठी लाखाचं यंत्र लागत नाही. डोळे लागतात आणि पायात गमबूट.

हिवरे बाजारचं नाव मुद्दाम घेतलं. पर्जन्यछायेतलं गाव, पाऊस चारशे मिलिमीटरच्या आसपास, तोही आला तर. १९७२ च्या दुष्काळानंतर इथली माणसं मजुरीला बाहेर पडत होती. १९८९ च्या सुमारास पोपटराव पवार सरपंच झाले, पुढे गाव आदर्श गाव योजनेत आलं, आणि काम माथ्यावरून पायथ्याकडे झालं. आधी डोंगरावर समतल चर आणि झाडं, मग नाला बांध, पाझर तलाव. कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी झाली. शेतीला बोअरवेल नाही, उसाला आणि केळीला मुरड. दरवर्षी पाऊस मोजून ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडायचा आणि पाणी कमी असेल तर पीक बदलायचं. २०२० च्या पद्मश्रीची बातमी सगळ्यांनी छापली. हा ताळेबंद बाकीच्या गावांनी का उचलला नाही, यावर कुणी फारसं छापलं नाही. आम्हीही नाही.

तर ज्या गावाला पाणी मोजायची सवय आहे, त्या गावानं चतुरही मोजावेत, अशी माझी सूचना आहे. ताळेबंदात एक रकाना वाढवायचा. शाळेतली पोरं हे काम आनंदानं करतील, शेपटीला दोरा बांधण्यापेक्षा जास्त आनंदानं.

आता डासांचं. "गावात डास दाखवा आणि बक्षीस घ्या" ही हिवरे बाजारच्या सरपंचांची पैज वर्तमानपत्रांतून येऊन गेली आहे. ते श्रेय चतुराला द्यायचा मोह मला होतो, पण ते खरं नाही. चतुर दिवसा शिकार करतो, आपले बरेचसे डास रात्री निघतात. गटाराच्या सडक्या पाण्यात डासाची अळी मजेत वाढते, चतुराचं पिल्लू बहुधा मरतं. डास कमी होतात ते शौचालयं आणि सांडपाण्याच्या नीट सोयीमुळे. पण स्वच्छ पाण्यात चतुर काय करू शकतो, याचाही दाखला आहे. म्यानमारमधल्या यांगूनमध्ये घरांतल्या पाण्याच्या भांड्यांत, लोकांच्याच मदतीनं, लाल चतुराची पिल्लं सोडली गेली आणि डेंग्यूच्या डासांची संख्या पार खाली आली. तो प्रयोग १९९० मध्ये शास्त्रीय नियतकालिकात छापून आला. हा लाल चतुर आपल्याही तळ्याकाठी बसलेला असतो. आमच्या आरोग्य खात्याला दक्षिण अमेरिकेतून आलेला गप्पी मासा माहीत आहे. घरचा चतुर माहीत नाही.

आणि गावागावांत चाललंय काय? डेंग्यूचे दोन रुग्ण निघाले की धूर फवारणी. डिझेलमध्ये औषध मिसळून भोंगा वाजवत गाडी फिरते, नगरसेवक पुढे उभे राहतात, आम्ही फोटो छापतो. त्या धुरानं उडते डास मरतात तेही तेवढ्यापुरते. कूलरमध्ये, टायरमध्ये, फ्रिजच्या ट्रेमध्ये असलेल्या अळ्यांना काहीच होत नाही, चार दिवसांत नवे डास हजर. मधल्या मध्ये डासांवर जगणारे बाकीचे किडे मात्र जातात. साथीच्या काळात फवारणी करू नका असं मी म्हणत नाही. पण तलावाच्या आणि ओढ्याच्या काठानं ती गाडी कशाला फिरवता? धूर दिसतो, काम दिसतं, मतं दिसतात, एवढंच त्याचं कारण.

शेततळ्यांचं बोललं तर आमचे शेतकरी मित्र रागावतात, तरी बोलतो. चतुर पाणी ओळखतो ते पाण्यावरून एका विशिष्ट रीतीनं परावर्तित होणाऱ्या प्रकाशामुळे. त्यामुळे चकचकीत पृष्ठभागाला तो पाणी समजून फसतो. हंगेरीतल्या संशोधकांना चतुर काळ्या गुळगुळीत थडग्यांभोवती, तिथं पाणी असल्यासारखे वागताना दिसले. गाडीच्या टपावर शेपटी आपटणारा चतुर तुम्हीही पाहिला असेल. शेततळ्याच्या प्लॅस्टिक कागदाकडे तो तसाच ओढला जातो. तिथं पाणी असतं हे खरं, पण लपायला गाळ नाही, चढायला लव्हाळा नाही. भटक्या चतुराची पिल्लं त्यातही तगतात, बाकीच्यांचं अवघड. शिवाय त्यातली कितीतरी शेततळी पावसानं भरत नाहीत, विहिरीतून आणि बोअरमधून उपसून भरली जातात. जमिनीखाली सावलीत असलेलं पाणी वर आणून उन्हात वाळत घालायचं आणि त्याला जलसंधारण म्हणायचं! जेसीबी लावून ओढे सरळ आणि खोल करण्याचं कामही त्याच माळेतलं. काठ उभे तासले गेले की उथळ पाणी जातं, गवत जातं, आणि कात टाकायची जागाच उरत नाही.

भटक्या चतुराचं एक सांगायचं राहिलं. वजन अर्धा ग्रॅमही नाही, आणि हा प्राणी समुद्र ओलांडतो. मालदीवमध्ये राहणाऱ्या चार्ल्स अँडरसन या सागरी जीवशास्त्रज्ञानं पाहिलं की दर ऑक्टोबरात तिथं लाखो चतुर येतात, जिथं त्यांना अंडी घालण्याजोगं गोडं पाणी फारसं नाहीच. २००९ मध्ये त्यानं मांडलं की हे चतुर भारताकडून येतात, उंचावरच्या वाऱ्यावर स्वार होऊन पूर्व आफ्रिकेत उतरतात आणि पुढच्या पिढ्या नैर्ऋत्य मोसमी वाऱ्याबरोबर इकडे परततात. जाऊन-येऊन चौदा ते अठरा हजार किलोमीटर, चार पिढ्यांत मिळून. पुढे पंखांच्या रासायनिक तपासणीतूनही याला पुष्टी देणारे पुरावे मिळाले. अमूर ससाणा हा चिमुकला शिकारी पक्षीही साधारण त्याच काळात भारतावरून आफ्रिकेकडे जातो, आणि समुद्रावर त्याची शिदोरी हेच चतुर असावेत असा अँडरसनचा अंदाज आहे. म्हणजे नगर तालुक्यातलं एखादं पावसाळी डबकं बुजवलं की त्याचा हिशेब कुठवर जातो बघा.

आपल्याकडे नागाला पंचमी आहे, बैलाला पोळा आहे, कावळ्याला पितृपक्षात पान आहे. चतुराला काही सापडत नाही. नाव मात्र छान दिलंय. तो खाली उडायला लागला की पाऊस येणार, एवढं म्हातारी माणसं सांगतात. महाराष्ट्रानं २०१५ मध्ये ब्लू मॉर्मनला राज्य फुलपाखरू केलं, ते सुंदर आहे म्हणून. युरोपात याला सैतानाची सुई म्हणत आणि खोटं बोलणाऱ्या पोरांचे ओठ तो शिवून टाकतो अशी भीती घालत. (निवडणुकीच्या काळात इकडे दोन-चार पाठवायला हवे होते.) जपाननं मात्र त्याला डोक्यावर घेतलं. तो मागे फिरत नाही म्हणून सामुराईंनी शिरस्त्राणावर त्याचं चिन्ह लावलं, देशाच्या जुन्या नावातही तो आहे.

आणि त्याच जपानमध्ये १९९० नंतर भातखाचरांतले लाल चतुर झपाट्यानं कमी झाले. तिथल्या अभ्यासकांचा मुख्य संशय भाताच्या रोपांना वापरल्या जाणाऱ्या कीटकनाशकांवर आहे, त्यात फिप्रोनिल आणि इमिडाक्लोप्रिड ही नावं येतात. कांद्यावरच्या फुलकिड्यांसाठी आपण कोणत्या बाटल्या आणतो, ते एकदा घरी जाऊन वाचा. पूजा करून काही होत नाही, ओढ्यात काय उतरतं ते बघावं लागतं.

२००२ च्या जैवविविधता कायद्यानं ग्रामपंचायतींवर लोक जैवविविधता नोंदवहीचं काम टाकलंय. माधव गाडगीळांसारख्यांनी ही कल्पना लोकांच्या हातात ज्ञान राहावं म्हणून रुजवली होती. मग हरित लवादानं जानेवारी २०२० ची मुदत घातली आणि राज्यभर घाई उडाली. मी चाळलेल्या एका नोंदवहीत, गावाचं नाव नको, कीटकांच्या पानावर 'डास, माशी, मुंगी, फुलपाखरू' एवढंच होतं. तलाठ्यापासून सरपंचापर्यंत कुणाला त्यात काही चुकल्यासारखं वाटलं नाही.

२ ऑक्टोबरला ग्रामसभा असते, आणि चतुरांचा हंगामही नेमका तेव्हाच असतो. विषयपत्रिकेत शेवटी 'आयत्या वेळचे विषय' असतात. तुमच्या गावात त्यात तीन गोष्टी मांडा: पाण्याच्या काठानं धूर फवारणी नको, ओढ्याच्या कामात एक काठ उतरता आणि गवताचा ठेवायचा, आणि नोंदवहीत चतुराचं पान उघडायचं. हिवरे बाजारनं सुरुवात केली तर बाकीच्यांना दौऱ्यात लिहून न्यायला नवं काहीतरी मिळेल. अर्जाचा नमुना मी तयार केलाय. हवा असेल त्यांनी गावाचं नाव कळवा, पाठवतो.