लेकीचा माग

आपल्या पणजीचं लग्न कधी नि कुठं झालं, हे आता संगणकावर बसल्या बसल्या शोधता येतं असं जो तो सांगतो. परदेशी स्थायिक झालेल्या मुलानातवंडांना तर या वंशावळीचा चांगलाच नाद लागला आहे. फॅमिलीसर्च या संकेतस्थळावर 'इंडिया मॅरेजेस, १७९२ ते १९४८' नावाची सूची फुकट बघता येते. लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत असलेल्या इंडिया ऑफिसच्या दप्तरातली लग्नं नि बाप्तिस्मे दुसऱ्या एका संकेतस्थळावर पैसे भरून दिसतात. नाद वाईट नाही. पण गोराईतल्या बायकांबरोबर बसून मी हा शोध घेतला तेव्हा एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर आली. या सगळ्यात घराणं सापडतं, घराण्याची सून सापडते, आणि लेक मात्र लग्नाच्या दिवशी गायब होते. गोराईसारख्या गावात लेक गायब होणं म्हणजे तिचा जमिनीतला वाटा गायब होणं.

गोराई म्हणजे धारावी बेटावरचं गाव. शेजारी मनोरी, उत्तन, डोंगरी. कोळी आणि शेतकरी, बहुसंख्य कॅथलिक. १८८७ साली या समाजानं स्वतःला 'ईस्ट इंडियन' हे नाव घेतलं. बोरिवलीहून खाडी ओलांडली की पोहोचता येतं, म्हणून या जमिनीवर सगळ्यांचा डोळा. विशेष आर्थिक क्षेत्राचा बेत आला तेव्हा धारावी बेट बचाव समितीनं तो लढवला, त्यात बायका होत्याच. पण ज्या जमिनीसाठी बाई रस्त्यावर उतरली, तिच्या सातबाऱ्यावर तिचं नाव आहे का? महाभूलेखवर सातबारा उघडून बघा आणि बायकांची नावं मोजा. त्यात सुना किती, लेकी किती, तेही मोजा.

कायदा लेकीच्या बाजूनं आहे. ख्रिस्ती कुटुंबात मृत्युपत्र न करता माणूस गेला, तर १९२५च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याप्रमाणे मुलंबाळं असलेल्या विधवेला एकतृतीयांश, आणि उरलेलं मुलामुलींत सारखं. केरळात मेरी रॉय यांना १९८६ साली सर्वोच्च न्यायालयातून जे मिळवावं लागलं, ते आपल्याकडे कागदावर आधीपासून आहे. अडतं ते पुराव्यापाशी. आजीच्या वाट्याची वारसनोंद करायची, तर सासरच्या आडनावानं मेलेली बाई हीच माहेरच्या अमक्याची मुलगी, हे दाखवावं लागतं. भाऊ दाखवत नाहीत. त्यांना हक्कसोडपत्रावर सही तेवढी हवी असते, आणि तीही 'माहेर तुटायला नको' म्हणून बाई करून देते.

हा सांधा जोडणारा कागद चर्चमध्ये असतो. १५६३ साली ट्रेंटच्या धर्मसभेनं प्रत्येक धर्मग्रामात लग्नाची वही ठेवणं धर्मगुरूंना बंधनकारक केलं. नवरानवरी, साक्षीदार, दिवस, ठिकाण. पुढं त्यात आईबापांची नावंही लिहिली जाऊ लागली. म्हणजे नवरी तिथं माहेरच्या नावानं उभी असते, आणि तिची आईसुद्धा. आणखी एक गोष्ट फार कमी बायकांना ठाऊक आहे. १९०८पासून चर्चच्या नियमाप्रमाणे लग्न लागलं की त्याची नोंद बाप्तिस्म्याच्या वहीतही करायची असते, मुलीच्या मूळ नोंदीशेजारी. मुलगी गोराईत जन्मली आणि वसईत दिली, तरी गोराईच्या वहीत तिच्या नावाशेजारी कुणाशी, कुठं लग्न झालं ते सापडायला हवं. बाईच्या मागोमाग उंबरठा ओलांडून जाणारा असा कागद मला दुसरा माहीत नाही. शोधणाऱ्यांनी सुरुवात लग्नापासून नव्हे, बाप्तिस्म्यापासून करावी ती यासाठी. वसईचा धर्मप्रांत १९९८ साली मुंबईपासून वेगळा झाला, तेव्हा पत्रव्यवहार कुणाशी करायचा हेही आधी बघून घ्यावं.

या वह्या घरबसल्या दिसतील अशी आशा मात्र धरू नका. 'इंडिया मॅरेजेस'मध्ये भरणा आहे तो साहेब, सोजीर आणि अँग्लो-इंडियन कुटुंबांचा. शिवाय फॅमिलीसर्च हे मॉर्मन पंथाचं काम. मेलेल्यांना आपल्या पंथाचा बाप्तिस्मा देण्याची त्यांची प्रथा आहे, म्हणून २००८ साली व्हॅटिकननं बिशपांना कळवलं की धर्मग्रामांच्या वह्या त्यांच्या हाती देऊ नयेत. त्यामुळे चर्चमध्ये जाऊन, विनंती करून, पानं उलटावी लागतात. साष्टीतली बरीच चर्च दीर्घकाळ गोव्याच्या, पुढं दमणच्या पोर्तुगीज अखत्यारीत होती, म्हणून जुन्या नोंदी पोर्तुगीजमध्ये असायच्या. 'सोल्तेइरा' म्हणजे अविवाहित, 'विउवा' म्हणजे विधवा. 'पाइ इंकॉग्नितु' म्हणजे बाप अज्ञात. (आई कधी अज्ञात नसते, पण बोल तिलाच.) चार शब्द शिकलं की वही वाचता येते, त्यासाठी पंडित लागत नाही.

उद्या या वह्या संगणकावर येतीलच. माझं म्हणणं त्या दिवसाबद्दल आहे. वही कुणी जशीच्या तशी वाचत नाही, सूची वाचतात. सूची करणारा वेळ वाचवायला नवऱ्याचं नाव, नवरीचं नाव, तारीख एवढं घेतो आणि आईचं नाव, साक्षीदार, आधीचं वैधव्य सोडून देतो. ईस्ट इंडियनांत आडनावं थोडी. मारिया डिसोझा शेकड्यांनी निघतील. त्यांतली आपली कोणती, हे तिच्या आईच्या नावावरूनच कळतं, आणि नेमकं तेच गाळलेलं असतं.

हिंदू घरांत तर याहून कठीण. लग्नात आडनावाबरोबर नावही पुसायचं. आनंदीबाई जोशी माहेरच्या यमुना. रमाबाई रानडे, त्याही माहेरच्या यमुना. एवढ्या मोठ्या बायका म्हणून आपल्याला ठाऊक. बाकीच्या यमुना कुठं गेल्या कोण सांगणार? तीर्थक्षेत्रीच्या उपाध्यांच्या वह्यांचेही फोटो आता संगणकावर आलेत, पण त्या लावलेल्या कुळाप्रमाणे, बापाकडून मुलाकडे.

आणि लग्नाची नोंदच नसली तर काय होतं, तेही आपल्या चळवळीनं पुरेपूर बघितलंय. भाऊराव लोखंडे खटल्यात १९६५ साली सर्वोच्च न्यायालयानं ठरवलं, की दुसरं लग्न योग्य विधींनी लागल्याचं सिद्ध झालं नाही, सबब द्विभार्याचा गुन्हा नाही. नवरा सुटला. महाराष्ट्रात नोंदणीचा कायदा १९५३चा, नवा १९९८चा. सर्व धर्मांच्या लग्नांची नोंद सक्तीची करा असं सर्वोच्च न्यायालयानं २००६ साली सांगितलं. आपण ही मागणी लावून धरली ती बाईच्या हाती कागद असावा म्हणून.

म्हणूनच 'सगळ्या नोंदी सगळ्यांना खुल्या करा' या घोषणेला मी मान डोलावणार नाही. मेलेल्या पणजीची नोंद वेगळी आणि काल लग्न केलेल्या मुलीची वेगळी. विशेष विवाह कायद्याखालच्या नोटिसा संकेतस्थळावर टाकल्यानं आंतरधर्मीय जोडप्यांना त्रास झाला, म्हणून केरळनं २०२० साली ते थांबवलं. आपल्या राज्यानं २०२२च्या डिसेंबरात उलट आंतरधर्मीय लग्नांची माहिती गोळा करणारी समिती नेमली. अशा हवेत ताज्या नोंदी उघड्यावर ठेवणं म्हणजे पोरीचा पत्ता तिच्या भावांच्या हाती देणं. स्कॉटलंडमध्ये लग्नाच्या नोंदीची प्रत संगणकावर उघडते ती ७५ वर्षांनी. आपल्याकडेही अशीच रेघ हवी. मात्र बाईला स्वतःच्या लग्नाचा दाखला कधीही, नवऱ्याला न विचारता मिळाला पाहिजे.

तोवर गटांनी करण्यासारखं काम आहे. धर्मगुरूंची परवानगी घेऊन वहीशेजारी बसायचं आणि लेकीच्या नावानं सूची करायची: तिचं नाव, आईचं नाव, दिलेलं गाव. गोराईत दोघींनी सुरुवात केली आहे. रविवारी मिस्सा आटोपली की तासभर बसतात. उत्तन-मनोरीच्या बायकांनी आपल्याकडच्या वह्यांबद्दल विचारून ठेवावं, कारण आमच्या निम्म्या लेकी तुमच्याकडेच दिलेल्या आहेत.